टायर ट्रॅकचा, रस्ता ताम्हिणीचा

टीव्हीएसची अपाचे आरआर 310 दिसायला आणि बसायला अस्सल स्पोर्ट बाइक आहे. अंगभर फेअरिंग, खाली घेतलेलं हँडल, मागे सरकवलेले पायटे. डिसेंबर 2017 मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिच्या चाकांवर मिशेलिनचे पायलट स्ट्रीट टायर होते. 2020 मध्ये बीएस-6 इंजिनाची आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने टायर बदलले आणि मिशेलिनचेच रोड 5 घातले. रोड 5 मिशेलिनच्या यादीत स्पोर्ट टूरिंग वर्गात मोडतो. म्हणजे ज्या गाडीची सगळी जाहिरात वेगाच्या आणि ट्रॅकच्या भाषेत होते, तिला तिच्याच निर्मात्यांनी लांब पल्ल्याच्या, पावसापाण्यातल्या प्रवासासाठी घडवलेला टायर दिला. इकडे पुण्या-मुंबईच्या टायरच्या दुकानांत मात्र ड्यूक 390 किंवा डॉमिनारचा पहिला टायर घासून संपलेला गिऱ्हाईक येतो, तो एकच प्रश्न घेऊन: सगळ्यात ग्रिपवाला कुठला?

त्या प्रश्नाला दुकानदार ‘स्पोर्ट’ असं उत्तर देतो आणि ते खोटं नाही. स्पोर्ट टायरची कमाल पकड स्पोर्ट टूरिंग टायरपेक्षा जास्त असते. फक्त ती कधी मिळते, हे दोघांपैकी कुणीच बोलत नाही. रबर तापलेलं, रस्ता कोरडा आणि स्वच्छ, टायर नवा आणि चालवणारा त्या पकडीच्या टोकापर्यंत जाणारा, एवढं जुळून आलं तर ती मिळते. महाराष्ट्रातल्या रस्त्यावर या अटी एकाच वेळी क्वचितच जुळतात. टायर थंड, ओला आणि अर्धा झिजलेला असताना किती धरतो, यावरून तो निवडावा असं माझं मत आहे, आणि त्या कसोटीवर बहुतेकांसाठी स्पोर्ट टूरिंग टायर सरस ठरतो.

रबर रस्ता धरतं ते दोन प्रकारे. एक तर ते खडीला चिकटतं, आणि दुसरं म्हणजे खडीच्या उंचसखल पृष्ठभागावर दबून बारीक फटींत शिरतं. दोन्ही गोष्टी तापमानावर अवलंबून आहेत. थंड रबर कडक राहतं, फटींत शिरत नाही. शर्यतीच्या टायरना ट्रॅकवर उतरण्याआधी विजेच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून 80-90 अंशांपर्यंत तापवतात ते याचसाठी. दुकानात मिळणारे स्पोर्ट टायर एवढे टोकाचे नसतात, पण त्यांच्या कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा, कल त्याच दिशेला असतो: तापल्यावर उत्तम, तोवर जेमतेम. स्पोर्ट टूरिंग टायरमध्ये सहसा सिलिकाचा भर जास्त असतो. मिशेलिनने 1992 मध्ये मोटारींच्या टायरमध्ये काजळीच्या जागी सिलिका आणलं. मोटारसायकलच्या टायरमध्ये ते नंतर रुळलं. सिलिकामुळे रबर कमी तापमानालाही मऊ राहतं आणि ओल्या रस्त्यावर जास्त धरतं.

आपला टायर नेमका किती तापतो, हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळू शकतं. बंद टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, आणि त्याचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. समजा, सकाळी 30 अंशांना गार टायरमध्ये 36 पीएसआय हवा आहे. दाब एक पीएसआयने वाढला, तर आतली हवा साधारण सहा अंशांनी तापली असं समजावं. ऑफिसला पोचल्याबरोबर गेज लावला आणि 38 दिसले, तर आतली हवा 42 अंशांच्या आसपास आहे. 60 अंश गाठायचे तर तोच गेज 41 दाखवायला हवा. बाहेरच्या रबराचं तापमान यापेक्षा थोडं वेगळं असणार, पण अंदाज यायला एवढं पुरे. त्यासाठी स्वतःचा डिजिटल गेज वापरावा, कारण पंपावरच्या काट्यावर विसंबण्यात अर्थ नाही. आणि वाढलेला आकडा बघून गरम टायरमधली हवा काढू नये; कंपनी सांगते तो दाब गार टायरचा असतो.

आता हा टायर पुण्याहून ताम्हिणीला न्या. चांदणी चौक, पिरंगुट, पौड या टप्प्यात रहदारी आणि गतिरोधक. वळणावर गाडी झोपवायची संधी नाही, जोरात ब्रेक लावायचा तो फक्त आडव्या आलेल्या रिक्षासाठी. मुळशी धरणाच्या कडेने रस्ता जरा मोकळा होतो आणि ताम्हिणीत शिरताना, जुलै असेल तर, धो धो पाऊस. टायरमध्ये जी काही ऊब जमली असेल ती रस्त्यावरचं पाणी काही मिनिटांत ओढून घेतं. म्हणजे वळणांचा घाट सुरू होतो त्याच वेळी टायर सगळ्यात थंड असतो. हीच कथा वरंध्याची, आंबोलीची, माळशेजची. ज्या महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे जाणाऱ्या पसरणी घाटात कोरड्या ट्रॅकच्या तापमानासाठी बेतलेलं रबर काय कामाचं? जूनच्या पहिल्या सरीनंतरचे दोन दिवस तर याहून वाईट. आठ महिन्यांचं सांडलेलं ऑइल आणि धूळ पाण्यावर तरंगून वर येते, झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे आणि गटारांची झाकणं साबण लावल्यासारखी होतात.

पाण्याचा दुसरा प्रश्न खाचांचा. टायरच्या पृष्ठभागात खाचांचा वाटा किती, हे मिशेलिनने आपल्या स्पोर्ट मालिकेसाठी जाहीर केलं आहे: पॉवर 5 मध्ये 11 टक्के, पॉवर जीपीमध्ये साडेसहा आणि ट्रॅककडे आणखी झुकलेल्या पॉवर कप 2 मध्ये साडेपाच. ट्रॅकच्या जितकं जवळ जावं तितक्या खाचा कमी, कारण कोरड्यात जितकं रबर टेकेल तितकं चांगलं. पाण्यात मात्र खाचांवाचून पाण्याला वाट नाही. मोटोजीपीतले स्वारही पावसात कोरड्यातले टायर वापरत नाहीत. शर्यत चालू असताना पाऊस आला आणि पांढरा झेंडा दाखवला गेला की ते पिटमध्ये येतात आणि खाचांचे टायर लावून तयार ठेवलेल्या दुसऱ्या गाडीवर बसून निघतात. सप्टेंबर 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली आणि आपल्याकडे रेसिंग टायरचं आकर्षण आणखी वाढलं. पण त्या स्वारांकडे दुसरी गाडी उभी असते, हे आपण विसरतो. आपल्याकडे एकच गाडी, एकच जोडी, आणि ती जूनमध्येही तीच असते.

यावर जाणकार वाचकाचा आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आजचे रस्त्यासाठीचे स्पोर्ट टायर म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचे नव्हेत. पिरेलीचा डायब्लो रोसो 4 किंवा मेट्झेलरचा स्पोर्टेक एम9 आरआर यांच्यात सिलिका भरपूर आहे आणि ओल्यातही ते चांगले धरतात. मान्य. पण नवे असताना. सर्वसाधारणपणे स्पोर्ट टायरवर झिजायला रबर मुळातच कमी असतं आणि खाचाही थोड्या, त्यामुळे निम्मा टायर संपला की पाणी बाहेर फेकण्याची ताकद लवकर ढासळते. नव्या टायरची परीक्षणं वाचून आपण निर्णय घेतो आणि पुढचं वर्षभर जुन्या टायरवर फिरतो. स्पोर्ट टूरिंग टायरवर कंपन्यांनी खरी मेहनत घेतली आहे ती इथे. रोड 5 च्या मागच्या टायरमधल्या बारीक चिरा वरून अरुंद आणि आतून रुंद आहेत, म्हणजे टायर झिजत जाईल तशी पाण्याची वाट मोठी होते. अशा चिरा पाडण्यासाठी साच्याचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवावे लागले. पाच हजार किलोमीटर चाललेला रोड 5 ओल्या रस्त्यावर, त्याच्या आधीच्या पिढीतल्या कोऱ्या पायलट रोड 4 इतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा आहे. दावा कंपनीचा आहे, तो तेवढ्याच बेताने घ्यावा. पण पाच हजार किलोमीटरनंतरचं बोलायची तयारी तिने दाखवली, हे महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप झुकण्याचा. घाटात गाडी झोपवायची तर स्पोर्ट टायरच हवा, असं टपरीवर ऐकू येतं, आणि मग तिथेच एकमेकांच्या टायरच्या कडा तपासल्या जातात. कडेची न घासलेली पट्टी जितकी बारीक तितका स्वार मोठा. गणित करून पाहू. 30 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 50 किलोमीटरने घेतलं तर गाडी साधारण 33 अंश झुकते. टायरच्या रुंदीमुळे प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त. तेच वळण ताशी 60 ने घेतलं तर 43 अंश. समोरून एसटी येत असताना, वळणापलीकडे म्हैस आहे की दरडीतून सुटलेला दगड हे दिसत नसताना, 43 अंश झुकणाऱ्याची अडचण टायरच्या वर्गाची नाही. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आजचे नामांकित स्पोर्ट टूरिंग टायर एवढं झुकणं सहज पेलतात. त्यापुढची जी पकड स्पोर्ट टायरमध्ये शिल्लक असते, ती सार्वजनिक रस्त्यावर वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशीही खेळणं.

विदर्भातला वाचक म्हणेल, आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, तिथे थंड टायरचं काय सांगता? खरं आहे, चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात रस्ताच टायर तापवतो आणि स्पोर्ट टायर लगेच कामाला लागतो. पण त्या उन्हात, सरळसोट महामार्गावर मऊ रबर मधोमध घासून सपाट होतं. मधला भाग सपाट झालेला टायर वळणात शिरताना आधी अडतो आणि मग एकदम कलंडतो. स्पोर्ट टायर ज्या चपळ वळण्यासाठी घेतला, ती चपळाईच सगळ्यात आधी जाते. अनेक टायरमध्ये मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दुहेरी कंपाउंड असतं, ते हे टाळण्यासाठीच.

स्पोर्ट टूरिंगची एक बाजू मात्र खरोखर कच्ची आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. हा वर्ग मुळात युरोपातल्या दोनशे-सव्वादोनशे किलोच्या, मोठ्या इंजिनांच्या गाड्यांसाठी घडला. पावणेदोनशे किलोच्या आतल्या ड्यूकवर तसाच ताठ बांध्याचा टायर चढवला तर तो दबत नाही, त्यामुळे तापत नाही आणि खड्ड्यांत मणक्याला कळतो. म्हणून नाव बघून टायर घेऊ नये, मापासकट आणि आवृत्तीसकट बघावा. रोड 5 आणि रोड 6 यांच्या जीटी नावाच्या आवृत्त्या जड टूरिंग गाड्यांसाठी आहेत. हलक्या गाडीला त्या नकोत. मागचा टायर 150/60 आर 17 असेल तर त्याच मापात, हलक्या गाडीसाठी बनवलेला रेडियल शोधावा. मऊ पुढचा आणि कम्यूटर गाडीचा कडक मागचा, अशी स्वस्तातली खिचडीही करू नये. पुढचा-मागचा एकाच जोडीतला असावा, कारण त्या दोघांचा आकार आणि बांधा कंपनीने एकत्र तपासलेला असतो.

पैशाचा मुद्दा शेवटी घेतला, कारण जिवाच्या गोष्टीत पैशाने सुरुवात केली की वाचक उठून जातो. मोठ्या, ताकदवान गाड्यांवर मागचा स्पोर्ट टायर पाच-सात हजार किलोमीटरमध्ये संपणं नवलाचं नाही; स्पोर्ट टूरिंग ढोबळमानाने त्याच्या दीड-दोन पट जातो. त्यातच जून 2020 मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने टायरची आयात परवान्याखाली आणली, तेव्हापासून परदेशी टायरसाठी ताटकळणं आणि जास्त मोजणं नेहमीचं झालं. या भानगडीत वर्षाला दोनदा पडायचं की एकदाच, हाही हिशेब आहे. आणि खर्च झेपत नाही म्हणून झिजेची मर्यादा दाखवणाऱ्या टीडब्ल्यूआयच्या खुणेखाली गेलेला स्पोर्ट टायर आणखी दोन महिने ओढणारा, तीन-चार हजार रुपयांच्या साध्या पण नव्या टायरवाल्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

मग स्पोर्ट टायर कुणी घ्यावा? जो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेला ट्रॅक डेसाठी नियमित जातो, त्याने जरूर घ्यावा, शक्य तर रिमची दुसरी जोडी ठेवून. ज्याची गाडी पावसाळाभर झाकून असते आणि उरलेल्या आठ महिन्यांत फक्त रविवारी पहाटे बाहेर निघते, त्यानेही घ्यायला हरकत नाही. वळणात शिरतानाचा तो चटपटीतपणा खरा आहे, आणि हौसेला मोल नसतं. बाकीच्यांनी, म्हणजे रोज ऑफिस, महिन्यातून एकदा मागे कुणाला बसवून कोकण आणि वर्षातून एकदा गोवा अशी गाडी वापरणाऱ्यांनी, स्पोर्ट टूरिंग घ्यावा. आणि कुठलाही घ्या, पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडून राहिलेला आयात टायर सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत कशाची आहे हे दुकानदाराला विचारा. बसवून घेतल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर बेताने चालवा. नव्या टायरचा गुळगुळीत थर घासून जाईपर्यंत तो पूर्ण पकड देत नाही.