पाट, पेटी आणि पेटारा

नागपंचमी जवळ आली की कुडाळ तालुक्यातल्या एका गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, पाट यायला लागतात. कुणी डोक्यावरून आणतो, कुणी स्कूटरला बांधून. ‘गेल्या वर्षीएवढोच होयो,’ एवढं सांगून माणूस आल्या पावली लावणीच्या चिखलात परत जातो. पाटाच्या पाठीवर खडूने घरवाल्याचं नाव पडलं की ऑर्डर पक्की. पावती नाही, विसार नाही. पैशांचं बोलणं बहुतेक वेळा मूर्ती न्यायच्या दिवशी.

हे पाट मांडून घेणारा मूर्तिकार कार्तिक ते वैशाख मूर्तिकार नसतो. त्या दिवसांत तो एका दशावतारी कंपनीत राजपार्ट करतो. श्रावणात संध्याकाळी हात धुऊन भजनाला पेटीवर बसतो. नवरात्राच्या आधी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मधल्या सवडीत स्वतःची भातशेती. यातला एकही उद्योग एकट्याने घर चालवू शकत नाही आणि त्यातला एकही सोडून चालत नाही. सिंधुदुर्गात अशी माणसं गावोगाव आहेत. त्यांना ‘हौशी’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्याबरोबर वर्ष काढून पाहावं.

तुळशीची लग्नं लागली की जत्रांचा हंगाम उघडतो. वालावलकर, मोचेमाडकर, चेंदवणकर, खानोलकर अशा जुन्या कंपन्यांचे ठरलेल्या देवळांतले प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. देवाची पालखी फिरून झाल्यावर, म्हणजे मध्यरात्रीच्या सुमाराला, नाटक उभं राहतं. संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं आणि कोण कोणता पार्ट करणार, हे थोडं आधी ठरतं; संवाद ज्याचे त्याने पेटी-पखवाजाच्या साथीवर जागेवरच रचायचे. पहाटेपर्यंत हे चालतं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीचा पेटारा दुसऱ्या गावाला. मोबदला ‘नाइट’वर. नाइट झाली तर पैसे, नाही तर नाही.

इथेच पावसाचा हिशेब येतो. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला. एरवी जूनचा पहिला आठवडा धरून चालणाऱ्याच्या हातून हंगामाच्या शेवटच्या नाइट अशा पावसात जातात. आणि नेमकं तेव्हाच शाडू विकत घ्यायचा असतो. तो येतो गुजरातेतून, रोखीने. पाट मात्र नंतर आणि उधारीवर येणार. थोडा आधार मिळतो तो मुंबईत चाकरमान्यांसाठी होणाऱ्या ‘संयुक्त दशावतारां’चा; वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट त्यात एकत्र येतात. पण तिथे बोलावणं नाव झालेल्याला. संकासुराच्या किंवा भटजीच्या पार्टवाल्याला क्वचित.

शाळेत सगळ्यात अवघड काम शेवटी राहतं. माती मळून झाली, साच्यातून अंग निघालं, हात-सोंड जोडून भेगा बुजवल्या, पांढरा हात मारून झाला, पितांबर रंगला; तरी मूर्ती अजून आंधळीच असते. डोळ्यांची आखणी करायला बारीक ब्रश लागतो आणि तोवर न थकलेला हात. वरच्या पापणीची रेघ नाकाकडून कानाकडे एका ओढीत जावी लागते. मध्ये थांबलं की तिथे गाठ दिसते. मग बुबुळ, ते केसभर सरकलं तर देव तिरळा बघतो. म्हणून शाळेत माती मळायला पोरं असतात, रंगाला भाऊबंद असतात, पण आखणीला एकच हात. हा गडी आपल्या मूर्ती संपवून आसपासच्या शाळांतही फक्त डोळ्यांसाठी जातो. तिथे पैसे मूर्तीमागे मिळतात आणि त्याच दिवशी मिळतात. पावसाळ्यातली बहुधा एवढीच रोख कमाई.

हा हात आला कुठून? देवळामागच्या खोलीत, पिवळ्या बल्बखाली, हंगामभर रोज रात्री स्वतःचे डोळे काढून. दशावतारात रंगभूषाकार नसतो. ज्याचा त्याने आरसा धरायचा. तीच रेघ, तसाच ब्रश, फक्त इथे पापणी हलते. पखवाजाचंही तसंच. आख्यानात युद्धाला तोड देणारा पखवाजवाला श्रावणात डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, बसतो, तेव्हा समोरच्या बुवाला घाम फुटतो. एका कामाची कमाई दुसऱ्या कामात अशी मुरलेली असते. वहीत तिची नोंद होत नाही.

आणि वही तर लागते. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. त्यासाठी वर्षानुवर्षं कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. अर्जाला एक कला हवी, तिचे कागद हवेत. पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीकडे देशाचं लक्ष गेलं. पण जत्रेत नाटक, पावसात माती, श्रावणात भजन असं आयुष्य काढणाऱ्याकडे दाखवायला काय असतं? शाल-श्रीफळाचे दोन फोटो आणि मंडळाची एखादी छापील पत्रिका.

तेव्हा जत्रेच्या देवस्थान समित्यांनी आणि भजन मंडळांनी प्रत्येक कलावंताला तारीख, काम आणि रक्कम लिहिलेली साधी पावती द्यावी. आणि यंदा पाट घेऊन जाणाऱ्यांनी निम्मे पैसे पाटाबरोबरच ठेवावेत.