मोरीत ओतलेले औषध जाते कुठे?

आपल्या दुसरबीडमध्ये ईदच्या आधी घराची झाडलोट निघाली की कपाटाच्या वरच्या खणातली औषधांची पिशवीही खाली येते. मागच्या तापाच्या उरलेल्या चार गोळ्या, मुलाच्या पातळ औषधाची अर्धी बाटली. बाटली मोरीत रिकामी होते आणि आपण म्हणतो, पाण्यात गेले, संपले! शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की पदार्थ नाहीसा होत नाही, रूप बदलतो. औषधालाही हाच नियम लागू आहे.

यात सर्वांत जपायचे ते अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारे औषध. गिळलेल्या गोळीचाही बराच भाग अनेकदा लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो. शेळी-म्हशीला टोचलेल्या औषधाचेही तसेच.

तुरटी, वाळूची गाळणी आणि टीसीएल पावडर ही आपली पाणी शुद्ध करण्याची साधने. ती गाळ आणि जंतू यांच्यासाठी आहेत, औषधांसाठी नाहीत. टीसीएलमधला क्लोरीन काही अँटिबायोटिके तोडतो हे खरे. पण तुटणे म्हणजे निकामी होणे नव्हे. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचे औषध घ्या. क्लोरीन त्याच्या बाजूची कडी तोडतो. जंतूंवर काम करणारा गाभा शाबूत राहू शकतो. सल्फामेथॉक्साझोलचे शरीरात जे रूप होते, ते सांडपाण्याच्या केंद्रात पुन्हा मूळ औषध बनू शकते.

मग धोका कोणता? थोड्या औषधात सतत राहणारे जंतू त्याला सरावतात आणि तीच विद्या दुसऱ्या जंतूंना देतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सुमारे 90 औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र होते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते! तिथला ओढा मांजरा नदीला मिळतो, मांजरा गोदावरीला. आपली खडकपूर्णाही शेवटी गोदावरीलाच जाते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्लीतील नळाच्या पाण्याचे 50 नमुने तपासले होते. दोनांत अनेक औषधांना न जुमानणारे एनडीएम-1 जनुक सापडले. कारखान्यांच्या सांडपाण्यातील अँटिबायोटिकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने 2020 मध्ये काढला, पण 2021 च्या अंतिम नियमांत त्या मर्यादा राहिल्या नाहीत.

म्हणून कोणी टीसीएल घातलेले पाणी सोडू नये. पटकी, कावीळ, हगवण यांपासून तेच आपल्याला वाचवते. मात्र पाण्यात एकदा मिसळलेले औषध काढणे फार अवघड. ते न मिसळू देणे आपल्या हाती आहे.

पाकिटावर लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्या. शेजारच्या खालांना उरलेली गोळी देऊ नका. जनावरांना पशुवैद्यकाला विचारूनच द्या. उरलेले औषध मोरीत, संडासात किंवा विहिरीजवळ टाकू नका. मेडिकलवाला परत घेतो का, ते विचारा. नाहीच जमले, तर राखेत कालवून, पिशवीत घट्ट बांधून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने कचरागाडीत द्या.

पाणी ही येणाऱ्या पिढीची अमानत आहे. उद्या आपल्याच नातवाला ताप आला, तर त्या दिवशी औषध चालले पाहिजे.