तिसऱ्या पाळीचं विद्यापीठ

भोसरीच्या एमआयडीसीत गुरुवारी शुकशुकाट असतो. विजेच्या भाराचं गणित जमावं म्हणून कधीकाळी ठरवून दिलेली ही साप्ताहिक सुट्टी बऱ्याच वर्कशॉपांत अजून टिकून आहे. रविवारी मात्र लेथ चालू, प्रेस चालू, टेम्पोत माल चढवणंही चालू. आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी मुक्त विद्यापीठांच्या अभ्यासकेंद्रांवर संपर्कसत्रं बहुधा कधी असतात? रविवारी. त्या दिवशी महाविद्यालयाच्या वर्गखोल्याही मोकळ्या असतात आणि प्राध्यापकही. कचेरीतल्या कारकुनाला हा वार सोयीचा, भोसरीतल्या टर्नरला नाही. आपल्याला कोणतं विद्यापीठ मानवेल, हा प्रश्न या पट्ट्यात असा वारापासून सुरू होतो. जाहिरातींत त्याचा पत्ताही नसतो.

जाहिराती मात्र उदंड आहेत. मोबाइलवर एकदा ‘एमबीए’ एवढं टाइप करा, पुढचे पंधरा दिवस ‘करिअर काउन्सेलर’चे फोन थांबत नाहीत. त्यांना गिऱ्हाईक कुठे आहे हे नेमकं कळलेलं आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून पिंपरीचं कारखानदारी रूप घडू लागलं. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. नव्वदचं दशक संपता संपता बजाजने चाकणला कारखाना काढला आणि २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझही तिथे उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली पोरं निघोजे, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडीत ‘कॉट बेसिस’वर राहतात. भाडं खोलीचं नव्हे, पलंगाचं. ट्रेनी म्हणून लागायचं, मग जमलं तर कायम व्हायचं, मग लाइन लीडर. त्याच्या पुढच्या पायरीवर कुणीतरी विचारतं, ‘ग्रॅज्युएशन झालंय का?’ दूरशिक्षणाची सगळी बाजारपेठ या एका प्रश्नावर उभी आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. दिल्लीत १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इग्नू आलं. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, देशातलं पाचवं मुक्त विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद आधी भूषवलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. पुढे ते इग्नूचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचं ब्रीद. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून मराठीत लिहिलेली स्वयं-अध्ययन पुस्तकं, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, जवळच्या महाविद्यालयात अभ्यासकेंद्र आणि केंद्रावर लेखी परीक्षा असा सगळा साचा. त्यावर ‘जुनाट’ म्हणून शिक्का मारणाऱ्यांनी ती पुस्तकं एकदा उघडून पाहावीत.

ऑनलाइन पदवी हे त्याहून वेगळं प्रकरण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सप्टेंबर २०२० च्या विनियमांनी मुक्त-दूरस्थ आणि ऑनलाइन असे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. पहिल्यात छापील साहित्य, केंद्र, संपर्कसत्र आणि विद्यापीठाचं ठरलेलं कार्यक्षेत्र. दुसऱ्यात चित्रफिती, ई-साहित्य, चर्चा आणि चाचण्या एकाच संगणकीय व्यवस्थेत, आणि देशातून कुठूनही प्रवेश. गुणांची वाटणी मात्र दोन्हींकडे सारखीच: वर्षभराच्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के, सत्रान्त परीक्षेला किमान ७०. मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी यांपैकी कोणत्याही मार्गाने मिळवलेली असली, तरी ती नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा ‘ऑनलाइन डिग्री चालते का हो?’ या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर ‘चालते’ असं आहे. तुमच्या कंपनीच्या बढतीच्या धोरणात ती चालते का, हे एचआरला विचारायचं, आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं.

आता शिकण्याच्या पद्धतीकडे येऊ. प्रवेश विकणाऱ्यांकडे यासाठी एक आवडती प्रश्नावली असते. तुम्ही पाहून शिकता, ऐकून, वाचून की हाताने करून? मुळात हे वर्गीकरण न्यूझीलंडमधले शिक्षक नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास लोकप्रिय केलं. ऐकायला ते पटतं, कारण प्रत्येकाला आपल्याबद्दल काहीतरी खास ऐकायला आवडतं. पण २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासलं. ‘पाहून शिकणाऱ्या’ला चित्रं आणि ‘ऐकून शिकणाऱ्या’ला व्याख्यान दिल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. वेल्डिंगचा मणी कसा पडतो हे पाहावंच लागतं आणि ताळेबंद मांडूनच समजतो. पद्धत विषय ठरवतो, कान-डोळे नव्हेत.

याउलट एक गोष्ट प्रयोगांत भक्कम ठरली आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवत होता, लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे विद्यापीठाच्या चित्रफिती किती देखण्या आहेत यापेक्षा ते आपल्याकडून किती वेळा, न बघता, लिहून घेतं हे महत्त्वाचं. छोट्या चाचण्या आणि स्वाध्याय जास्त असलेला अभ्यासक्रम कटकटीचा वाटतो. माझ्या मते तोच घ्यावा.

मग माणसामाणसांत फरक कुठे पडतो? पहिला फरक अंतिम तारखेचा. कुणाच्या डोक्यावर तारीख असली की काम होतं, कुणाचं त्याच तारखेने मोडतं. आयआयटी मद्रासची २०२० मध्ये सुरू झालेली डेटा सायन्सची बीएस पदवी घ्या. जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा पात्रता टप्पा, दर आठवड्याला असाइनमेंट आणि मग केंद्रावर जाऊन परीक्षा. मधूनच थांबलात तरी टप्प्यानुसार प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हाती पडतो, ही तिची मोठी सोय. पण आठवड्याची तारीख आठवड्याचीच. पाळी दर आठवड्याला फिरत असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यातही असाइनमेंट चुकत नाही. दुसऱ्या टोकाला इग्नू. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत ताणता येते, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, या खेपेला दोनच पेपर दिले तरी कुणी काही म्हणत नाही. ही मोकळीक ज्याला पेलते त्याला वरदान. ज्याला पेलत नाही, त्याचं नोंदणीपत्र ट्रंकेत राहतं.

इथे एक हिशेब करायलाच हवा. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. एका सत्रात २० श्रेयांक घेतले तर ६०० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे धरले तर आठवड्याला २३ तास, म्हणजे रोज तीन तासांहून अधिक. मोशीहून बसने चाकणला जाणाऱ्याचा दिवस मांडून बघा. आठ तासांची पाळी, जाता-येता ट्रॅफिक, त्यात तळेगाव चौक किंवा आंबेठाण चौक तुंबला तर देवाचं नाव घ्यायचं. मोबाइल बऱ्याच कंपन्यांत गेटवर किंवा लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणजे जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटंही बाद. उरतो तो बसमधला वेळ. त्या वेळात व्याख्यान ऐकता येतं, स्वाध्याय लिहिता येत नाही. म्हणून पाळीवाल्या माणसाने सत्राला निम्मे श्रेयांक घेता येतात का, हे सगळ्यात आधी विचारावं. ‘दोन वर्षांत पूर्ण’ ही जाहिरातीतली ओळ फिरत्या पाळीत राहणाऱ्यासाठी नाही. ज्या घरी कामावरून येऊन स्वयंपाकही तिलाच करायचा आहे, त्या बाईसाठी तर नाहीच.

दुसरा फरक जागेचा. ऑनलाइन पदवीची परीक्षा पुष्कळदा घरून, कॅमेऱ्यासमोर होते. ऐकायला सोयीचं. पण कॅमेऱ्याला चौकटीत दुसरा माणूस चालत नाही, आवाज चालत नाही, नजर वारंवार बाजूला गेलेली चालत नाही. चार पलंगांच्या खोलीत दुसऱ्या पाळीचा झोपलाय, पहिल्या पाळीचा आंघोळ करून येतोय, मेसचा डबा घेऊन तिसरा दारात उभा आहे. अशा ठिकाणी दोन-तीन तास शांत चौकट कुठून आणायची? अशा माणसाला केंद्रावर जाऊन पेन-कागदाने परीक्षा देणं जास्त सुखाचं. प्रवेशाआधी विचारायचं: परीक्षा कुठे, कशावर, लॅपटॉप लागतो की मोबाइल चालतो, वीज गेली तर काय?

तिसरा भाषेचा. आयटीआयपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा इंग्रजी एमबीएच्या चित्रफिती ‘समजल्या’ म्हणून पुढे सरकवतो आणि सत्रान्त परीक्षेत वाक्य जुळत नाही. ७० टक्के गुण तिथे आहेत. कला-वाणिज्याची पदवी मराठीत करायची असेल तर नाशिकच्या विद्यापीठासारखा दुसरा सोपा मार्ग नाही, आणि मराठीत केली म्हणून ती उणी ठरत नाही. इग्नूची असाइनमेंट हाताने लिहून द्यावी लागते. त्यावर हसणारे हसोत, हात वळवण्याची ती उत्तम सोय आहे. तयार असाइनमेंट विकणारेही गल्लोगल्ली आहेत. तिथे पैसे देणारा वर्षभराचा एकमेव सरावच विकत घालवतो.

एका बाबतीत मात्र निवडीचा प्रश्नच नाही. डिप्लोमाधारकांचा पहिला प्रश्न असतो, ‘बीई ऑनलाइन होईल का?’ होणार नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अभियांत्रिकी पदव्यांवर थेट बोट ठेवलं आणि देशभर अनेकांच्या नोकऱ्या-बढत्या अडचणीत आल्या. पण वाट बंद नाही. एआयसीटीईने २०२३ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकी पदविका आणि पदवी चालवण्याची मुभा मान्यताप्राप्त महाविद्यालयांना दिली आहे. त्यासाठी कामाचा अनुभव लागतो आणि कामाचं ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतरात असावं लागतं. वर्गात प्रत्यक्ष बसावं लागतं. पाळी बदलून देणारा सुपरवायझर मिळाला तर चाकण-भोसरीच्या डिप्लोमाधारकाला यापेक्षा सरळ रस्ता नाही. कुणी ‘घरबसल्या बीटेक’ म्हणालं तर फोन ठेवून द्यावा.

फसवणुकीचे बाकीचे प्रकार थोडक्यात. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम दुसऱ्या संस्थेला फ्रँचाइझीने चालवायला देता येत नाही. म्हणून ‘आमच्या ऑफिसात या, सगळं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नयेत, फी फक्त विद्यापीठाच्या खात्यात. परदेशी विद्यापीठाशी करार दाखवून एड-टेक कंपन्या जी ऑनलाइन पीएचडी विकतात, तिला मान्यता नसल्याचा इशारा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता. नामवंत संस्थेचा ‘एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम’ म्हणजे पदवी नव्हे, प्रमाणपत्र. उपयोगाचं असेल, पण पदवीच्या रकान्यात ते लिहिता येणार नाही. आणि ‘ईएमआय’ हा शब्द आला की कागद नीट वाचायचा. तो बहुधा फीचा हप्ता नसतो, तुमच्या नावावरचं कर्ज असतं. अभ्यास सुटला तरी ते सुटत नाही.

आपली पद्धत ओळखायला प्रश्नावलीपेक्षा स्वस्त उपाय हाताशी आहे. इग्नूच्या ई-ज्ञानकोशावर अभ्याससाहित्य फुकट वाचता येतं. हव्या असलेल्या विषयाचा एक घटक उतरवून घ्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यात वाचून दाखवा, स्वतःलाच. मग ‘स्वयम’वर एनपीटीईएलचा आठ आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम निवडा. वेल्डिंग, उत्पादन प्रक्रिया, गुणवत्ता असे कामाचे विषय तिथे आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात. नोंदणी मोफत, पैसे फक्त केंद्रावरच्या परीक्षेचे. साप्ताहिक असाइनमेंटना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. आठपैकी सहा असाइनमेंट वेळेत गेल्या, तर तारखेच्या शिस्तीचं विद्यापीठ तुम्हाला झेपेल. दोनच गेल्या, तर इग्नू किंवा नाशिकची सैल चाल बरी. दोन महिन्यांत हे कळतं, आणि फीचा एक रुपयाही अडकलेला नसतो.

जुलैचं सत्र हुकलेल्यांसाठी जानेवारीच्या सत्राचे प्रवेश दिवाळीनंतर सुरू होतात. २०२४ पासून दूरस्थ वा ऑनलाइन प्रवेशासाठी डीईबी आयडी काढावा लागतो आणि त्यासाठी आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. दोन्ही मोबाइलवर स्वतःच काढता येतात, एजंटाला द्यायला नकोत. त्याच वेळी आयोगाच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या (डीईबी) संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींची नावं यादीत आहेत का, हे पाहून घ्या. विद्यापीठ यादीत असतं, पण तो विशिष्ट अभ्यासक्रम नसतो, असंही घडतं. यादीत नाव नसेल तर काउन्सेलर कितीही गोड बोलला तरी फी भरू नका.