चढाईनंतर धाप का लागते?

कबड्डीची चढाई म्हणजे ३० सेकंदांचा खेळ. तेवढ्या वेळात समोरच्या अंगणात घुसायचं, कुणाला तरी शिवायचं, पकड चुकवून मध्यरेषेपर्यंत परत यायचं. आणि तेही एका दमात, 'कबड्डी कबड्डी' न थांबवता! परत आलेली खेळाडू कंबरेवर हात ठेवून धापा टाकत उभी असते. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "अंगातला ऑक्सिजन संपला असणार."

संपलेला नसतो, बरं का! खेळून दमलेल्या निरोगी मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकडा सहसा ९५ च्या वरच दिसेल. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडतो त्या हवेत १६ टक्के. म्हणजे बराचसा आपण न वापरताच परत करतो. म्हणून तर बेशुद्ध माणसाला तोंडाने दिलेला श्वासही उपयोगी पडतो.

मग धाप कशाची? ती लागते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. पळणारे स्नायू तो भराभर रक्तात सोडतात. मेंदूच्या तळाशी श्वासावर पहारा ठेवणाऱ्या पेशी आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढून रक्त थोडं जरी आम्लधर्मी होऊ लागलं, तरी त्यांना ते लगेच कळतं आणि छातीला हुकूम जातो: जोरात श्वास घे! चढाई करणारी खेळाडू हा हुकूम काही क्षण रोखून धरते. मला तर या खेळातलं हेच सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

पण ऑक्सिजन रक्तात असून भागत नाही, तो स्नायूंपर्यंत पोचायला हवा. पोचवतं कोण? हृदय. मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, जोरात पळताना २० लिटर किंवा त्याहूनही जास्त! मात्र हा वेग गाठायला त्याला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि चढाई तर त्याआधीच संपते. तोवर स्नायू स्वतःजवळची शिदोरी सोडतात. त्यांच्यात एटीपी नावाचं ऊर्जेचं रसायन असतं, ते दोन-तीन सेकंद पुरतं. क्रिएटिन फॉस्फेट ते पुन्हा भरून देतं, पण तेही साधारण १० सेकंदांत आटत येतं. मग ऑक्सिजनशिवायच साखर फोडली जाते आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं.

ही उसनवारी मोजली ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने. स्नायूंवरच्या संशोधनासाठी त्याला १९२२ चं नोबेल मिळालं होतं. तो स्वतः अंगावर पिशवी बांधून गवतावर पळायचा आणि सोडलेला श्वास त्या पिशवीत जमवायचा! पळणं थांबल्यावरही शरीर जादा ऑक्सिजन घेत राहतं, त्याला त्याने 'ऑक्सिजनचं कर्ज' असं नाव दिलं.

लॅक्टिक आम्लाला मात्र फार वर्षं उगाच बदनाम केलं गेलं. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते त्याच्यामुळे, असं अजूनही सांगतात. खरं तर ते तासाभरात रक्तातून जवळजवळ नाहीसं होतं. आपलं हृदय तर त्यातला लॅक्टेट इंधन म्हणून चक्क वापरून टाकतं! दुसऱ्या दिवसाचं दुखणं येतं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांमुळे. आणि खेळताना पाय जड होतात, कारण स्नायूंत फॉस्फेट साचतं, क्षारांचा तोल ढळतो आणि मेंदूही जरा आवरतं घ्यायला सांगतो.

एक प्रयोग करून बघा. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जीव तोडून पळा. पळताना श्वास जेवढा फुलतो, त्याहून जास्त थांबल्यावर फुललेला वाटेल. तो शांत व्हायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. महिना-दोन महिने रोज खेळा आणि पुन्हा मोजा. तोवर हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागलेलं असेल आणि स्नायूंत ऑक्सिजन वापरणाऱ्या तंतुकणिकाही वाढलेल्या असतील.