रहिमत खाँ कोणत्या पट्टीत गात होते?

ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव ‘भूगंधर्व’ रहिमत खाँ १९२२ मध्ये गेले. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आलं. म्हणजे खाँसाहेबांचं जे थोडंफार गाणं आज सीडीवर किंवा मोबाइलवर ऐकायला मिळतं, ते सगळं कर्ण्यात तोंड घालून गायलेलं आहे. मायक्रोफोन नाही. आवाजाच्या जोरानं पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणात खाच कोरायची. त्या खाचेतून आज जी पट्टी निघते ती खाँसाहेबांचीच, असं गृहीत धरता येत नाही.

कारण ‘७८ ची तबकडी’ हे नाव सरसकट चिकटलेलं आहे. कर्ण्याच्या काळात वेग पक्का ठरलेला नव्हता. मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्याही वर फेऱ्या घेऊन कोरलेल्या तबकड्या सापडतात. ७८ फेऱ्यांची तबकडी साडेत्र्याहत्तरनं वाजवली, की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वरानं उतरतं. पांढरी पाच होती ती काळी तीन होते. नुसती पट्टी बदलली तर एक वेळ चालेल. पण त्याबरोबर लय बसते, तानेचे दाणे सुटे होतात, आवाजाला वय चढतं. उलट हळू कोरलेली तबकडी ७८ वर फिरवली, की भारदस्त गवई चिरका आणि घाईत असलेला वाटू लागतो. ‘जुनी माणसं फार वर आणि फार भरभर गायची’ हा समज काही अंशी आपल्या टर्नटेबलांनीच पसरवला असावा, असं मला वाटतं. साथीला पेटी असेल तर थोडा आधार मिळतो, कारण पेटीचे सूर ठरलेले असतात. तरी ती पेटी कोणत्या मापानं लावलेली होती, हा प्रश्न उरतोच.

मग येतो छपाईचा भाग. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यात मुद्रण केलं, तेव्हा मेणाच्या मूळ तबकड्या जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या आणि छापून परत आल्या. कलकत्त्यात कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. मेणावरून धातूची उलटी प्रत, तिच्यावरून सुलटी ‘मदर’, तिच्यावरून पुन्हा उलटा साचा आणि त्या साच्यानं लाखेच्या तबकड्या, असा हा प्रवास. साचा झिजत जातो. शेवटी छापलेल्या प्रतीत ‘स’, ‘श’ आणि खटके बोथट होतात. लाखेत दगडाची भुकटीही मिसळलेली असायची. पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून ती मुद्दाम घातलेली. त्यामुळे खरखर ही तबकडीच्या अंगातच असते. त्यात जुन्या फोनोचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकायचा. घराघरात वाजून वाजून झिजलेल्या पहिल्या छपाईच्या प्रतीपेक्षा कुणाच्या कपाटात न वाजता पडून राहिलेली नंतरची प्रत कितीतरी चांगली निघते. संग्राहक पहिल्या छपाईच्या मागे धावतात. पुनर्मुद्रण करणाऱ्यानं मात्र खाच पाहावी.

पाहायची कशी, तर सुईनं. एलपीच्या सुईचं टोक सुमारे २५ मायक्रॉनचं. ७८ च्या खाचेला ७० च्या आसपासचं लागतं. एलपीची सुई ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन धूळ आणि कीस खरवडत बसते. जाणकार तंत्रज्ञ तीन-चार मापांच्या सुया बदलून पाहतो. पोलादी पिनेनं खाचेची भिंत ज्या उंचीवर झिजवली असेल, तिच्या थोडं वर किंवा खाली एखादा कोरा पट्टा राहिलेला असतो, आणि गाणं तिथं शाबूत असतं. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातलं सर्वात मोलाचं काम हेच. कार्ट्रिज मोनो जोडावं हेही तितकंच महत्त्वाचं. या खाचा आडव्या हलतात, त्यामुळे खाली-वर होणारी खरखर तिथल्या तिथे वजा होते.

अँप्लिफायरचाही हात असतो. १९५४ च्या आरआयएए मापानुसार एलपी कोरताना उंच स्वर वाढवतात आणि वाजवताना तेवढेच उतरवतात. १०,००० हर्ट्झला जवळजवळ १४ डेसिबल. जुन्या अनेक तबकड्यांत हे वाढवणं झालेलंच नव्हतं. त्या याच फोनो इनपुटमधून काढल्या, की गळ्यावर घोंगडी टाकल्यासारखं होतं.

आणि तरीही सर्वात जास्त नुकसान ‘सफाई’नं केलं आहे. सीडीच्या काळात खरखर अजिबात नको, या हट्टापायी फिल्टर इतके चालवले गेले, की तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वास दोन्ही गेले. तबकडीच्या आतल्या कडेला सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेच्या निम्म्याहून कमी होतो, म्हणून तिथं उंच स्वर आधीच अशक्त असतात. आपले गवई तीन मिनिटांच्या शेवटी द्रुत ताना घेतात, त्या नेमक्या याच जागी. फिल्टरचा वार पहिल्यांदा त्यांच्यावर बसतो.

१९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली. तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. नासानं सोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवलं आणि एक फेरी ३.६ सेकंदांत व्हावी, हे वेष्टनावर आकृतीनं कोरलं. इथं पृथ्वीवर पुनर्मुद्रित संचांच्या वेष्टनांवर रागाचं नाव असतं, फोटो असतो. पण कोणती प्रत, कोणता वेग, कोणती सुई हे बहुधा नसतं. ते छापायला हवं, आणि फिल्टर न लावलेली मूळ फाइल जपून ठेवायला हवी.

घरी आजोबांच्या तबकड्या असतील तर त्या चावीच्या फोनोवर वाजवू नका. आधी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घ्या. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. तबकडी कोणत्या मुद्रणाची, हे शोधायची सुरुवात त्या क्रमांकापासूनच होते.