फेरफाराची नोटीस आणि कोर्टाची तारीख, दोन्ही मोबाइलवर बघा



आजचा मेसेज फवारणीचा नाही आणि बाजारभावाचाही नाही. थोडा लांब आहे, पण जमिनीचा आहे. सवडीने पूर्ण वाचा.

जमिनीच्या नोंदीवरून वाद लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आम्हाला नोटीसच मिळाली नाही." नोटीस बऱ्याचदा निघालेली असते, चावडीच्या बोर्डावर लागलेलीही असते. पण घरातला एक भाऊ पुण्याला, बहीण सासरी, आणि गावात असलेला माणूस रानात. बोर्ड वाचणार कोण?

खरेदीखत असो, हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र किंवा वारसनोंद असो, तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आधी फेरफार नोंदवहीत नोंद धरतात आणि संबंधितांना नोटीस काढतात. त्यावर हरकत घ्यायला *१५ दिवस* असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो. त्यानंतर तुम्हाला कळलं तर प्रांताकडे अपील करावं लागतं, त्याची मुदत ६० दिवसांची. म्हणजे एका कागदावर भागलं असतं त्या कामासाठी वकील, नकला आणि तालुक्याच्या चकरा.

हाच चावडीचा बोर्ड आता मोबाइलवर दिसतो. महाभूमीच्या सरकारी संकेतस्थळावर *'आपली चावडी'* उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावातल्या चालू फेरफारांची यादी येते. त्यात फेरफार नंबर, प्रकार, गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख असते. पैसे लागत नाहीत. महिन्यातून दोनदा, १ आणि १५ तारखेला, घरातल्या एका पोराला किंवा सुनेला हे काम लावून द्या. १५ दिवसांची मुदत असल्यावर महिन्यातून एकदा बघून भागत नाही.

आणखी एक खूण सातबाऱ्यावरच असते, आणि ती फार कमी लोक बघतात. *'प्रलंबित फेरफार'* या रकान्यासमोर 'नाही' असेल तर ठीक. तिथे नंबर दिसला आणि तुम्ही काही व्यवहार केलेला नसेल, तर त्याच दिवशी चौकशी करा.

हरकत तोंडी सांगून येऊ नका. लेखी द्या, फेरफार नंबर आणि गट नंबर लिहा, कारण लिहा, जवळ असतील ते कागद जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह *पोच घ्या*. अशी हरकत आली की नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. पण हेही लक्षात ठेवा, मालकी कोणाची हा वाद फेरफाराने मिटत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टच.

आता कोर्टाचं. दिवाणी दावा चालू असेल तर वकिलांकडून *सीएनआर नंबर* मागून घ्या. हा १६ अक्षर-आकड्यांचा असतो, आपल्याकडे 'एमएच'ने सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे दावा दाखल झाल्याचं वर्ष असतं. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे मोफत अ‍ॅप घेऊन त्यात हा नंबर टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, आणि अपलोड झालेले आदेश दिसतात. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतं. आपल्या नावावर कोणी दावा टाकलाय का, हेही असंच कळतं.

समन्स आलं असेल तर वेळ दवडू नका. कैफियत द्यायला ३० दिवस असतात, कोर्टाने वाढवून दिले तर जास्तीत जास्त ९०. हजरच राहिलं नाही तर एकतर्फी निकाल होऊ शकतो, आणि तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत द्यावा लागतो. अ‍ॅपवर तारीख चढायला कधी कधी उशीर होतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये दिसली नाही म्हणून घरी बसू नका. वकिलांना फोन करून खात्री करा.

बांधाचा रस्ता अडवला, तहसीलदारांकडे केस आहे, अशी प्रकरणं मात्र या अ‍ॅपमध्ये शोधू नका. ती महसुली प्रकरणं आहेत. त्यांची तारीख तहसील किंवा प्रांत कार्यालयातूनच घ्या.

वकील परवडत नसेल तर *१५१००* या विधी सेवेच्या हेल्पलाइनला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. आपल्या भगिनी सभासदांनी हे लक्षात ठेवावं.

फुकट दिसणारा सातबारा फक्त बघण्यापुरता असतो. बँकेला किंवा कोर्टात द्यायला डिजिटल सहीचा घ्या, त्याची फी १५ रुपये आहे. 'कोर्टाची नोटीस' किंवा 'सातबारा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल आली तर *उघडू नका*, बँक खातं रिकामं होतं. नोटीस खरी आहे का, ते वरच्या अ‍ॅपमध्ये बघा.

ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्यांनी कंपनीच्या ऑफिसात गट नंबर किंवा सीएनआर नंबर घेऊन यावं, बघून देऊ. ग्रुपवर मात्र आधार, केसचे कागद किंवा भावकीची नावं टाकू नका.