दूरच्या श्रोत्यांपर्यंत प्रवचन

२०२० च्या पर्युषणात मुंबईतील मंदिरांची दारे बंद होती. सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट रोजी परवानगी दिल्यानंतर दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन जैन मंदिरांत २२ व २३ ऑगस्टला, एका वेळी मोजक्याच भाविकांना दर्शन घेता आले. दर्शनाची सोय झाली. श्रवणाचा प्रश्न मात्र उरला. त्या वर्षी अनेक घरांत प्रथमच मोबाइलवर प्रवचन ऐकले गेले.

संकट सरले, पण ती सवय राहिली, आणि तिच्यामागे खरी गरज आहे. गिरगाव, भुलेश्वर, परळ, लालबाग येथून निघालेली आपली कित्येक कुटुंबे आता बोरिवली, मुलुंड, भाईंदर येथे स्थिरावली आहेत. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या आजींना उपाश्रयाच्या पायऱ्या चढवत नाहीत. कुणाची कन्या अँटवर्पला, तर कुणाचा पुतण्या नैरोबीला. चातुर्मासात दादरला सकाळी ९ वाजता प्रवचन सुरू होते, तेव्हा नैरोबीत साडेसहा, अँटवर्पमध्ये साडेपाच आणि न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे थेट प्रक्षेपणापेक्षा सवडीने ऐकता येईल असे ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी ठरते.

खर्चाचा विचार केला तर ६४ केबीपीएस दर्जाचे एका तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे २९ एमबी होते. चातुर्मासातील १२० प्रवचने धरली तरी बेरीज साडेतीन जीबीच्या आत राहते आणि ती नखाएवढ्या मेमरी कार्डात मावते. व्हिडिओला याच्या कितीतरी पट जागा लागते. तेव्हा साधन आणि पैसा ही अडचण नाही. विचार करायचा आहे तो अनुमतीचा, अखंडतेचा आणि नोंदीचा.

अनुमती कोणाची?

आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला मालकी हक्क सामान्यतः भाषण करणाऱ्या व्यक्तीचा असतो; त्या व्यक्तीला नेमून कार्यक्रम भरवणारी संस्था दुसरी असली, तरीही. म्हणजे सभागृह आपले, खर्च आपला, म्हणून व्याख्यानही आपले, असे होत नाही. पर्युषण व्याख्यानमालेत विद्वान वक्त्यांना बोलावताना निमंत्रणपत्रातच मुद्रण व प्रसारणाचा उल्लेख करून त्यांची लेखी संमती घ्यावी. एवढ्याने तेथील प्रश्न सुटतो.

साधू-साध्वींच्या बाबतीत तो इतका सोपा नाही. महाव्रतांचे पालन कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्ही अंगांनी करावयाचे असते. विजेच्या वापरात अग्निकाय जीवांची विराधना मानणाऱ्या परंपरांत महाराजसाहेब माइकही वापरत नाहीत. अशा ठिकाणी ‘मुद्रण करू का?’ असे विचारणे म्हणजे त्यांच्याकडून अनुमोदनाच मागणे होय. म्हणून त्या त्या समुदायाची समाचारी आधी ज्येष्ठ श्रावकांकडून समजून घ्यावी. मौन म्हणजे संमती हा बाजारातला समज येथे लावू नये.

ही मर्यादा मान्य करून विचार दूरवर पोहोचवण्याची वाट आपल्या पूर्वजांनी शोधली होती. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेला आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज साध्वाचारामुळे जाऊ शकत नव्हते. त्यांच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी हे श्रावक गेले. साधूंनी आपली मर्यादा सांभाळली आणि गृहस्थाने आपले कर्तव्य पार पाडले. आजही जेथे मुद्रण चालत नाही, तेथे कागद आणि लेखणी आहेच. प्रवचनाचे टिपण काळजीपूर्वक करून, जाणकारांकडून तपासून पाठवले, तर दूरच्या वाचकाला तेही पुष्कळ आहे.

तुकडा आणि अपेक्षा

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तासाभराच्या प्रवचनातील एक मिनिट कापून पुढे पाठवण्याची आता चालच पडली आहे. आपल्या दर्शनात प्रत्येक विधान कोणत्या तरी अपेक्षेने केलेले असते. निश्चय नयाने सांगितलेली गोष्ट व्यवहार नयाचे वाक्य गाळून ऐकवली, तर ती श्रोत्याला उलट दिशेला नेते. पूर्वपक्ष मांडताना उच्चारलेले वाक्य वक्त्याचे मत म्हणून फिरते. त्यातून गैरसमज वाढतात, कधी दोन संघांत कटुताही येते. ‘स्यात्’ हा एकच शब्द कापला जाणे म्हणजे आशय कापला जाणे होय. म्हणून पाठवायचे तर प्रवचन संपूर्ण पाठवावे. तुकडा पाठवलाच, तर संपूर्ण प्रवचन कोठे ऐकता येईल हे सोबत सांगावे.

बोली आणि दानाच्या घोषणा सुरू होण्याआधी मुद्रण थांबवणेही आवश्यक आहे. कोणत्या घराने किती रकमेचा लाभ घेतला, हे सभेपुरते असते. ती नावे व रकमा मोबाइलवरून अनोळखी हातांत जाणे व्यापारी कुटुंबांच्या हिताचे नाही. समोर बसलेल्या भगिनी व मुले यांचे चित्रण टाळण्यासही ध्वनिमुद्रणच बरे.

नोंदीशिवाय जमा नाही

बँकेत व्हाउचरवाचून नोंद होत नाही, हा नियम अंगवळणी पडलेल्या माझ्यासारख्याला नाव-तारीख नसलेले मुद्रण अस्वस्थ करते. दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा, हे सांगणारेही उरत नाहीत. म्हणून प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी प्रवचनकारांचे नाव, स्थळ, तिथी व तारीख, विषय आणि मूळ ग्रंथ एवढे बोलून नोंदवावे. हीच माहिती वहीत क्रमांकासह लिहावी. एक प्रत संघाकडे, दुसरी वेगळ्या जागी ठेवावी आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात. मुद्रणाचे साधन महाराजसाहेबांच्या पाटावर किंवा पाटाला टेकवून ठेवू नये, हा विवेकही हवा.

पुढील चातुर्मासाच्या प्रवेशापूर्वी विश्वस्त मंडळाच्या सभेत हा विषय घ्यावा. मुद्रण करावयाचे की नाही, करावयाचे तर कोणी, आणि ते कोणाला पाठवायचे, याचा ठराव इतिवृत्तात लिहावा. आज हे ठरलेले नसते, म्हणून जो मोबाइल उचलेल तो मुद्रण करतो आणि त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. नैरोबीत ऐकणाऱ्या श्रोत्याला प्रश्न विचारायला समोर महाराजसाहेब नसतात. त्याच्या हाती येते तेवढेच त्याचे प्रवचन असते. म्हणूनच ते शुद्ध आणि संपूर्ण असले पाहिजे.